तुम्ही विचारलंत म्हणून: पार्कर दुनळीची ग्रेड

“जुनी पार्कर दुनळी बंदूक मिळतेय. जास्त पैसे मोजून डीएच घ्यावी, की साधी व्हीएच पुरे?” अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी वाचक हे नेहमी विचारतात. डीएच आणि व्हीएच ही या बंदुकीच्या ग्रेडची नावं, डीएच वरची. माझं उत्तर असं: ग्रेडचे पैसे नक्षीला, लाकडाला आणि हातकामाला जातात. व्हीएचपासून ए-1 स्पेशलपर्यंत आतली यंत्रणा मुळात एकच आहे. म्हणून नळ्या आधी बघा, अक्षर नंतर.

पार्कर बंधूंचा कारखाना कनेटिकटमधल्या मेरिडनचा. चार्ल्स पार्कर आधी कॉफीच्या चक्क्या बनवत आणि यादवी युद्धात त्यांनी सैन्यासाठी बंदुकाही बनवल्या. दुनळी आली त्यानंतर. पहिल्या दुनळ्यांना बाहेर घोडे होते आणि चापाच्या पुढची कळ वर दाबली की नळ्या उघडत. 1882 च्या सुमारास नळ्या उघडायचा वरचा खटका आला. 1880 च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स किंग यांनी घोडे आत नेले. ग्रेडच्या अक्षरामागचा ‘एच’ तीच बिनघोड्याची बनावट सांगतो. 1902 पासून रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टर मिळू लागला, तो म्हणजे ‘ई’. डीएचई म्हणजे डी ग्रेड, बिनघोड्याची, इजेक्टरवाली. 1934 मध्ये रेमिंग्टनने कंपनी घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात उत्पादन थांबलं.

ग्रेडचा अंक नळ्या उतरवल्यावर दिसतो, त्या ज्या सपाट भागावर टेकतात तिथे. जी म्हणजे 2, डी 3, सी 4, बी 5, ए 6, एए 7, ए-1 स्पेशल 8. त्यांच्या खाली व्हीएच, आणि सर्वांत स्वस्त ट्रोजन. नळ्यांमधल्या पट्टीवर पोलादाचं नावही असतं: व्ही ग्रेडवर व्हल्कन, डीवर टायटॅनिक, सीवर अ‍ॅक्मे. अंक 3 आणि पट्टीवर व्हल्कन असं दिसलं तर नळ्या बदलल्याची शंका घ्या. दमास्कस नळ्यांच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या) डी ग्रेडही निघाल्या, त्यामुळे तेवढ्यावरून खोटी ठरवू नका. चौकट (नळ्या ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा), नळ्या आणि पुढचं लाकूड (त्यातल्या लोखंडासकट) या तिघांवरचा अनुक्रमांक मात्र एकच हवा. पार्कर संग्राहकांची संघटना उरलेल्या कारखाना-नोंदींवरून पत्र देते. मोठी रक्कम देण्याआधी ते मागवाच, कारण साध्या बंदुकीवर नंतर नक्षी कोरून ती वरच्या ग्रेडची म्हणून विकली जाते.

ग्रेडपेक्षा मला चौकटीचा आकार महत्त्वाचा वाटतो. तो अंक नळ्यांखालच्या लोखंडी ठोकळ्यावर असतो. बाराबोर बहुधा 1, 1½ किंवा 2 वर बांधलेली असते, आणि हातात घेतल्यावर यांतला फरक लगेच कळतो. दिवसभर शेतात हिंडायचं असेल तर 1 ची व्हीएच ही 2 च्या डीएचपेक्षा शहाणपणाची निवड.

तपासणीच्या आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि हलवून बघा. नळ्या खुळखुळल्या, किंवा दिव्यासमोर धरल्यावर मागच्या फटीतून उजेड दिसला, तर बिजागर झिजलं आहे. बंद स्थितीत वरचा खटका मधोमध रेषेच्या उजवीकडे असेल तर चांगलं. डावीकडे गेला असेल तर झीज. नळ्या ठोकळ्याला बोट घालून लटकवा, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या गाठीने टकटक करा. घंटेसारखा नाद हवा. बद्द आवाज आला तर पट्टीचं डाख सुटलेलं असतं आणि आत गंज चढतो. तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट असेल तर त्या कापल्या आहेत, म्हणजे बहुधा चोकही (छर्रे फार पसरू नयेत म्हणून तोंडाशी केलेला अरुंद भाग) गेला. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत अनाडी हात लागलेला आहे.

सगळ्यात धोक्याची जागा काडतुसाचं घर. जुनी घरं आजच्या 2¾ इंची काडतुसापेक्षा आखूड असू शकतात. काडतूस बसतं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. घर खोल करून घेतलं तर तिथली भिंत पातळ होते. म्हणून घराची लांबी आणि नळीच्या भिंतीची जाडी जाणकार कारागिराकडून उपकरणाने मोजून घ्या. दमास्कस असेल तर त्याने पास केल्याशिवाय एकही काडतूस घालू नका, ग्रेड 8 असली तरी.