काळी एक

सकाळचं विमान आज डोक्यावरून गेलं आणि मी वर बघितलंच नाही. आईनं विचारलं, ‘आज बाहेर नाही आलीस गे?’ तेव्हा कळलं. गाण्याचा क्लास चालू होता म्हणाले. क्लास तर रोजच असतो की.

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. बेळगावजवळच्या सांबऱ्यात जन्म गेला, विमानतळाची 1942 ची धावपट्टी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि विमान गेलं की मान वर जाणार नाही असं आजवर झालं नव्हतं. ताप असताना नाही, बाबा गेले त्या आठवड्यातही नाही.

हे वेड बाबांचं. पंख्याचं विमान यायला लागलं की ते पेटी ओढून घ्यायचे, डोळे मिटून पट्टी शोधायचे. ‘येताना काळी एक, पेटीची पहिली काळी पट्टी. आता ऐक.’ विमान पुढं गेलं की आवाज घसरायचा आणि त्यांचं बोट खालच्या काळी चारवर. ‘सा घेऊन आलं, मंद्र पंचमात, खालच्या प वर गेलं.’ पलीकडं सुळेभावी, कुमार गंधर्वांचं जन्मगाव. या रानात सूर पेरलेत म्हणायचे.

फेब्रुवारी 2011 ला आम्ही दोघं रात्रीच्या बसनं बेंगळुरूला गेलो, येलहंकाला, हवाई दलाच्या कसरतींचा चमू सूर्यकिरण बघायला. बिदरची ती लाल-पांढरी किरण विमानं. पंखाला पंख, मध्ये जेमतेम पाच मीटर. सगळी मिळून लूपमध्ये वर चढली, माथ्यावर जवळजवळ थांबल्यासारखी झाली आणि उतरताना वेग घेत घेत निघाल्या जागी परत आली. बाबा मांडीवर त्रिताल धरून बसलेले. तळाशी आली तशी त्यांनी तालाच्या पहिल्या मात्रेची थाप मारली, ‘सम!’ शेजारचे वळून बघायला लागले. सूर्यकिरणचा लीडर रेडिओवर शब्द लांबवून हुकूम देतो आणि त्या लयीवर सगळे एकदम हात हलवतात, हे ऐकल्यावर तर बाबा महिनाभर प्रत्येकाला तेच सांगत होते.

मला त्यात बसायचं होतं. तो फॉर्म, तो चष्मा... जाऊ दे.

2019 ला तिथंच सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना धडकली, एक वैमानिक गेला. त्या दिवशी बाबांनी पेटी उघडली नाही.

आणि मी आज बघितलं नाही. दुपारी भांडी घासताना रडूच आलं. आईच्या गोळ्या, गॅसचा नंबर, फीचे हिशेब. यात माझ्यातलं तेवढंच एक शिल्लक होतं, तेही वाळलं असं वाटलं. कुणाला सांगणार? भावाला सांगितलं असतं तर... नको.

संध्याकाळी सकाळचीच पोरगी राहिलेली वही न्यायला आली. दारातूनच म्हणाली, ‘ताई, सकाळी सूर एवढा खाली का दिलात? माझी काळी चार आहे की.’

मी कुठली दिली होती?

‘काळी एक. मधेच बदललात. मला गाताच येईना.’

ती गेल्यावर पेटी उघडून काळी एक दाबून बसले. भाता संपेपर्यंत. आई आतून म्हणाली, ‘आत्ता कुठलं विमान गे?’

उद्यापासून सकाळचा क्लास अंगणात घेते. त्या पोरीला काळी चारच देईन.