कोसबाडला जाणार असाल तर

कोसबाड म्हणजे पालघर जिल्ह्यात डहाणूजवळची टेकडी, आदिवासी पाड्यांवरच्या बालवाड्यांसाठी ओळखली जाणारी. पहाटेचीच डहाणू लोकल पकडा. उशीर केलात तर टेकडी बघून होईल, पण पाड्यावरच्या बालवाड्या तोवर सुटलेल्या असतील. आम्ही डहाणू रोडला उतरून रिक्षा केली. घोलवड स्टेशनही जवळच आहे, पण तिथं थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. वाटेत दोन्ही बाजूंनी चिकूच्या वाड्या.

मी बालवाडी चालवते, त्यामुळे हे ठिकाण मला केव्हापासून बघायचं होतं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली जवळच्या बोर्डीत ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, ते पुढे इथं आलं. मुलांनी साहित्य हाताळत शिकायची माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना मनापासून पटलेली होती, पण तिचं महागडं साहित्य वारली पाड्यांवर आणायचं कुठून? मग चिंचोके, शिंपले, पानं, खडे हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून मुली घरी राहतात हे दिसलं, तेव्हा विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली.

हे सगळं मी वाचलेलं होतं. कळलं मात्र एका पाड्यावर.

सहाएक वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ. माझ्या पुस्तकी मराठीतल्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. बालवाडीच्या सेविकाताई वारलीत काहीतरी बोलल्या आणि पानांचा ढीग तिच्यापुढे सरकवला. भावाला मांडीवर घेऊन ती पानं वेगळी करायला लागली: साग, पळस, ऐन, मोह, करवंद. दोन पानं मला सारखीच वाटली. तिनं माझं बोट धरून एकाच्या पाठीवरून फिरवलं. खरखरीत होतं. माझ्या वर्गात हीच मुलगी ‘बोलत नाही’ म्हणून मागे बसली असती. ही गोष्ट मला अजून बोचते आहे.

जायचं तर दिवाळीच्या आधी जा. त्यानंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरंही त्यांच्यासोबत. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घरी कुणी भेटत नाही. आधी कळवून, विचारून जा. चॉकलेटं वाटू नका, आणि आईबापांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढू नका. भिंतीवरची वारली चित्रं बघून ‘किती छान डिझाइन’ म्हणण्याआधी लग्नात भिंतीवर काढतात तो चौक कोण काढतं, कशासाठी काढतं, ते एखाद्या आजीला विचारा. आम्हाला आजीनं तासभर बसवून सांगितलं.

पाणी आणि डबा सोबत ठेवा. एका दिवसात दोनच पाडे करा. वहीत मुलांची उत्तरं लिहीत बसण्यापेक्षा सेविकाताई कोणता प्रश्न कोणत्या भाषेत विचारतात, ते टिपा. माझी दहा पानं त्यानंच भरली.