बाबांचं मशीन इन्व्हर्टरवर किती वेळ चालतं?

खानापूरहून जांबोटीकडं जाताना वाटेत आमचं गाव. आर्द्रा लागल्या की पाऊस उघडीप देत नाही, आणि तारेवर फांदी पडली की लाईट कधी येईल सांगता येत नाही. बाबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेचं मशीन, लावायला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो याच विचारानं.

इन्व्हर्टर घरात होता, साइन वेव्हचा, म्हणजे लाईनीसारखाच सुरळीत करंट देणारा. बॅटरी १२ व्होल्टची, १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीचा साठा), ३ वर्षं वापरलेली. बेळगावातले दुकानदार म्हणाले, "चार तास आरामात जातंय की, ताई." पण बाबांच्या श्वासाची गोष्ट, मला नुसत्या शब्दावर झोप लागेना.

आधी मशीन किती करंट ओढतं ते बघितलं. घरातलं सगळं बंद करून फक्त कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवला आणि घड्याळ धरून मीटरसमोर उभी राहिले. मीटरचा बारीक लाल दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्याकडं ३२०० वेळा. मिनिटाला १९ भरले. १९ गुणिले ६०, भागिले ३२०० म्हणजे ०.३५६ युनिट तासाला, अर्थात ३५६ वॅट. पंख्याचे ७५ आणि बल्बचे ९ धरून ४४०.

बॅटरीत १२ व्होल्ट गुणिले १५० एएच, म्हणजे १८०० वॅट-अवर. भागाकार केला तर चार तास येतातच. पण इन्व्हर्टर स्वतःच पाचवा हिस्सा खातो असं धरलं, तर उरतात १४४०, म्हणजे सव्वातीन तास. आणि खरी मेख पुढंच आहे. १५० एएच हा आकडा २० तास सावकाश, साडेसात अँपिअरनं वापरली तरचा. आमचा लोड, इन्व्हर्टरचा हिस्सा धरून, जवळजवळ ४५ अँपिअर ओढतो. इतकं जोरात ओढल्यावर बॅटरी पूर्ण साठा देतच नाही, जुनी तर आणखी कमी.

म्हणून एका रविवारी बाबांना ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, पंखा-बल्बसोबत कॉन्सन्ट्रेटर रिकामाच चालवला आणि मेन स्विच पाडला. आई वेळ लिहायला बसली. २ तास ५ मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडायला लागला.

दोन तास! चार धरून बसलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर काटा आणतो. नंतर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा बसवला, तो जेमतेम ३० वॅट घेतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं. परत मोजलं: २ तास २० मिनिटं.

आता दीड तास झाला की बाबांना सिलिंडरवर घेतो. भरलेल्या बी टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतात. बाबांना मिनिटाला २ लिटर लागतात, म्हणजे बारा तास. गेल्या पावसात रात्री पावणेदोनला लाईट गेली. सव्वातीनला आईनं मला उठवलं, आम्ही नळी बदलली. बाबांची झोपसुद्धा मोडली नाही.