पित्ताची गोळी आणि एम-थ्री

सहा महिने मी पित्तावर गोळ्या खात होतो. सांगलीत विश्रामबागला रूमजवळच्या डॉक्टरांकडे दोनदा गेलो, नंतर मेडिकलमधून परस्पर आणायला लागलो. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं, मेसची चपाती घशाखाली उतरायची नाही. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, राहिल्याचा निकाल लागला त्याच महिन्यात हे सुरू झालं, पण दोन्हीचा संबंध काही मी लावला नाही. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, म्हणून कोण आजारी पडतं? आमच्या रूमवर चौघांत मिळून सात केट्या होत्या.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी गोळी लिहिलीच नाही. "सलग सहा तास शेवटचा कधी झोपलास?" मला आठवेना. "मग पोटाचं नाही हे. मानसोपचाराच्या ओपीडीत दाखव."

आधी कॉलेजात विचारू म्हटलं. समुपदेशन कक्ष अशी पाटी आहे आमच्याकडे. तीनदा गेलो, तीनदा कुलूप. चौथ्यांदा दार उघडं होतं, आत जुन्या जर्नलांचे गठ्ठे.

मग एका रात्री गच्चीवर जाऊन १४४१६ लावला. टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. मी तिथंही आधी पित्ताचंच रडगाणं लावलं. पलीकडच्या ताईंनी ते पूर्ण ऐकलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं कुणी तोंडावर विचारलं तर मी फोन ठेवीन असं वाटायचं. ठेवला नाही. म्हटलं, तसं नाही, पण सकाळ होऊच नये असं रोज वाटतं. हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. नऊ प्रश्नांचा कागद होता: गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, लक्ष लागणं वगैरे, प्रत्येकाला शून्य ते तीन. बेरीज सत्तावीसपैकी सतरा. "यंदाचा माझा बेस्ट स्कोअर," मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, पहिले काही दिवस मळमळेल, मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तरी सहाव्या दिवशी मी बंद करणारच होतो. मळमळ म्हणजे पुन्हा पित्तच वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा एकदम साडेसहालाच जाग आली. घड्याळ बंद पडलंय असं वाटलं.

आप्पांना सांगणं राहिलं होतं. तासगावला द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकून फवारण्या चालू होत्या. बांधावरच सांगितलं. बराच वेळ ते पंपाची नोझल साफ करत राहिले.

"किती म्हयने घ्यायची गोळी?"

"सहा तरी, म्हणाल्या."

त्यांनी फवारणीची वही काढली, बुरशीनाशकाच्या ओळीखाली माझ्या गोळीचं नाव लिहून घेतलं. तेव्हापासून रोज रात्री नऊला फोन येतो, "घेतलीस न्हवं?" एम-थ्रीचं विचारत नाहीत. तो पेपर डिसेंबरात आहे.

आईला मात्र अजून पित्तच सांगितलंय. एसटीनं येणाऱ्या डब्यात दर शनिवारी आवळासुपारीची पुडी असते.