विदर्भात बदली झाली असेल तर आधी ‘राहिला’ समजून घ्या

पुण्याहून नागपूर-अमरावतीकडे आलेल्या माणसाचा पहिला घोटाळा क्रियापदात होतो. ‘साहेब जेवून राहिले’ म्हणजे साहेबांचं जेवण अजून चालू आहे. फोनवर ‘येऊन राहिलो’ ऐकलं तर माणूस वाटेत आहे, पोचलेला नाही. ‘येत होतो’साठी ‘येऊन राहिलो होतो’. बाई बोलत असेल तर ‘मी येऊन राहिली’, ‘मी गेली’. पुण्याचं ‘गेले’ इथे नाही. कृपा करून हे कुणाचं दुरुस्त करायला जाऊ नका. ही चूक नाही, इथल्या बोलीचा नियम आहे.

दुसरी अडचण ‘जो’ची. ‘उद्या फोन करजो’ म्हणजे आत्ता नाही, उद्या कर. आदराने बोलताना त्याचंच ‘करजा’, ‘येजा’ होतं. दारात निरोप देताना कुणी ‘येजा बरं’ म्हणालं तर शेवटचा ‘जा’ ऐकून नवखा बिचकतो. ते पुन्हा यायचं आमंत्रण असतं.

खेड्यात वऱ्हाडी जास्त गडद होते. ‘मला-तुला’चं ‘मले-तुले’, आणि ‘ळ’च्या जागी ‘य’: डोया, शाया, काया. दवाखान्यात किंवा शाळेत रुजू होणाऱ्यांनी हा ‘य’ कानात आधी बसवावा; ‘डोया दुखून राह्यला’ ही डोळ्याची तक्रार आहे. ‘काऊन’ म्हणजे ‘का’. ‘काऊन नाई आले?’ हा जाब वाटतो, पण बहुतेक वेळा साधी चौकशीच असते.

हाक मारताना रिक्षावाल्याला, दुकानदाराला ‘भाऊ’, वयस्कर माणसाला ‘काकाजी’. उत्तराला ‘जी’ जोडा: ‘हो जी’, ‘नाही जी’. हिंदीचा शेजार इथे जुना आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ‘बे’ मात्र जपून. तो बरोबरीच्या दोस्तांचा शब्द आहे. समोरचा तुम्हाला ‘काय बे’ म्हणेपर्यंत आपण म्हणू नये, आणि वडीलधाऱ्यांना तर कधीच नाही. ओढूनताणून वऱ्हाडी बोलण्यापेक्षा आपली मराठी सावकाश बोललेली बरी.

भाजीबाजारात सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडी तिचीच. शेंगदाण्यांना फल्लीदाणे म्हणतात. पाव किलो कोहळं मागितलंत तर लाल भोपळा मिळेल. पेठ्याचा पांढरा कोहळा हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा.