ऑस्टिओपॅथकडे येणाऱ्यांचं स्वास्थ्य कसं मोजावं : माझा अनुभव

ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करणाऱ्याकडे, सगळ्यात जास्त जण कंबरदुखी घेऊन येतात. त्याखालोखाल मान आणि खांदा. वयाने कामाधंद्यातले, बायका पुरुषांपेक्षा थोड्या जास्त. पुष्कळांच्या गोळ्या, मलमं, व्यायाम करून झालेले असतात आणि दुखणं ३ महिन्यांच्या पुढे, म्हणजे जुनाट झालेलं असतं. अशा माणसाला नुसतं "० ते १० मध्ये किती दुखतंय?" विचारलं, तर झोप उडालीये, उमेद गेलीये, हे कळतच नाही.

सुरुवात मात्र धोक्याच्या खुणांनी करते. जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काहीही असेल तर फॉर्म बाजूला आणि पेशंट लगेच इस्पितळात.

मग दुखण्याच्या आकड्याबरोबर जागतिक आरोग्य संघटनेची ५ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या २ आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येकी ० ते ५ गुण, बेरीज गुणिले ४. ५० किंवा कमी गुण आले की झोप, ताण, उदासी यांबद्दल नीट बोलते. २८ किंवा कमी असतील तर नैराश्यासाठी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगते. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

फॉर्म उपचाराआधीच भरून घ्यावा. टेबलावरून उठल्यावर अंग हलकं वाटतं आणि गुण फुगतात. सोबतच्या नातेवाइकाने पेन घेतलं तर उत्तरं त्याची होतात. बरेच जण २ आठवडे विसरून आजचंच सांगतात, त्यामुळे ते शब्द मी मोठ्याने वाचून दाखवते. सुटलेला प्रश्न शून्य धरू नये, विचारून भरावा.

तोच फॉर्म काही आठवड्यांनी पुन्हा. उपचारानंतर १-२ दिवस अंग ठणकू शकतं, तेव्हा मोजू नये. स्वास्थ्यात १० गुणांहून आणि दुखण्यात २ अंकांहून कमी फरक पडला तर मी तो बदल धरत नाही. आणि लोक दुखणं शिगेला पोचल्यावर येतात. तिथून ते पुष्कळदा आपोआपही उतरतं. त्यामुळे उपचार न घेतलेल्या तशाच लोकांशी तुलना केल्याशिवाय सुधारणेचं श्रेय मी उपचाराला देत नाही.