डबल टँकवरचा पहिला डाइव्ह, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

बरेच दिवस मनात होतं, शेवटी झाला एकदाचा डबल टँकवरचा (पाठीवर दोन टँक जोडून) स्कूबा डाइव्ह. आधीच सांगते, खोल वगैरे गेलो नाही, जेमतेम ७ मीटर, खाली वाळू, पाणी शांत, आणि अर्ध्याहून जास्त वेळ मान मागे टाकून टँकच्या डोक्यावरचे हवेचे व्हॉल्व्ह चाचपण्यात गेला. पहिला डाइव्ह असाच करा असं मी ठामपणे सांगेन, कारण डबल घ्यायचे ते नुसती जास्त हवा मिळावी म्हणून नाही, एका बाजूचा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) बिघडला तर ती बाजू बंद करून दुसरीवर वर येता यावं म्हणून. हात व्हॉल्व्हपर्यंत पोचत नसेल तर ती सोय असून नसल्यासारखीच.

सेटअप म्हणजे १२ लिटरचे दोन स्टील टँक, वरून मॅनिफोल्ड (दोन्ही टँक जोडणारी नळी), मधे आयसोलेटर (दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडणारा व्हॉल्व्ह), बॅकप्लेट (पाठीवरची पट्टी लावलेली प्लेट) आणि विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी). भरलेलं सगळं ४० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे जमिनीवरून पाठीवर घ्यायच्या भानगडीत पडू नका, उंच बाकावर ठेवा, बसून पट्ट्यांत हात घाला, पुढे वाकून पायांच्या जोरावर उठा, बोटीवर असाल तर मागून कोणीतरी धरायलाच हवं.

पाण्यात गेल्यावर वजन गायब होतं पण सगळं संथ होतं, वळायला लागलं की उशिरा वळतं आणि थांबायलाही उशीर, त्यामुळे फिनची घाई अजिबात नको. पाय जड किंवा डोकं जड वाटत असेल तर टँक धरणाऱ्या बँडमधे टँक वर-खाली सरकवून बघा, दोनेक सेंटीमीटरनेही फरक पडतो. शिशाचं वजन मी जवळजवळ सगळं काढलं. इथे एक लक्षात ठेवा, भरलेल्या दोन टँकमधल्या हवेचंच वजन ६ किलोच्या आसपास असतं आणि डाइव्ह संपेपर्यंत त्यातलं बरंचसं निघून जातं, म्हणून वजनाची चाचणी टँकमधे ४०-५० बार दाब उरलेला असताना ३ मीटरवर करायची. आणि पातळ वेटसूटवर जड स्टील डबल असतील, विंग फाटली तर वर यायला दुसरा आधार काय, हे आधी ठरवा, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता व्हॉल्व्ह. उजवा नॉब बंद करायचा, त्या बाजूच्या लांब होजवरच्या रेग्युलेटरमधून श्वास घेत राहायचा, तो कडक होत जातो आणि मग येतच नाही, तेव्हा गळ्यात अडकवलेला डाव्या बाजूचा दुसरा रेग्युलेटर (बॅकअप) तोंडात, उजवा परत पूर्ण उघडायचा. मग आयसोलेटर बंद-उघड, मग परत लांब होजवर येऊन डावा. सुरुवातीला बोटं नॉबच्या कडेला नुसती घासून परत येत होती, इन्स्ट्रक्टरने क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून जाणारा पट्टा) थोडा सैल करून टँक वर घेतले आणि एकदम मूठ बसली. डोकं मागे टाकल्यावर मॅनिफोल्डला हलकं टेकतं का ते काठावरच बघून घ्या. सराव करताना समोर कोणीतरी हवंच, एकट्याने करायचं काम नाही हे.

पाण्यात उतरण्याआधी तिन्ही नॉब स्वतः हाताने तपासा. टँक भरताना आयसोलेटर बंद राहिला तर एकच बाजू भरते, आणि गेज बहुतेक वेळा डाव्या बाजूला असतो, म्हणजे तो फक्त त्या बाजूचंच सांगणार. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) असेल तर मोजमापही तसंच अर्धवट. डावा नॉब वर कशाला घासला तर फिरून बंद होऊ शकतो, तेव्हा कपारीखालून किंवा बुडालेल्या जहाजातून (रेकमधून) आल्यावर लगेच हात लावून बघायचा.

गेजचा काटा सावकाश सरकतो म्हणून निवांत राहू नका. २४ लिटरमधे १० बार म्हणजे २४० लिटर हवा, एका १२ लिटरच्या दुप्पट, पण नायट्रोजन नेहमीच्याच वेगाने अंगात जातो, त्यामुळे हवा भरपूर असताना नो-डीकोची वेळ (वाटेत न थांबता थेट वर येता येईल एवढी) आधी संपू शकते. मनगटावरचा डाइव्ह काँप्युटर बघत राहा.

पुढचा डाइव्हही उथळच करणार आहे, या वेळी जाड हातमोजे घालून, तीच ड्रिल.